सामंत बाईंचा पॉइंट थ्री वन

सामंत बाई कुठल्याही जमिनीवर एकदम पाऊल टाकत नसत. दारात थांबायच्या, उजव्या चपलेचं टोक पुढे सरकवायच्या, दाबून जरा घासून बघायच्या आणि मगच आत यायच्या. वर्ग असो, स्टाफरूम असो, प्राचार्यांची केबिन असो. केबिनमध्ये तर गालिचा होता. तिथेही घासायच्या. आम्ही पोरी मागून त्यांची नक्कल करायचो आणि त्यात मी सगळ्यांत पटाईत. एकदा लॅबच्या उंबऱ्यावर मान तिरकी करून, पाय घासत, त्यांच्याच आवाजात "हं, चालेल" म्हटलं आणि वळते तर बाई मागेच उभ्या. मनात म्हटलं, वाट लागली. बाई शांतपणे म्हणाल्या, "टाच उचलतेस गो तू. टाच उचलली की वजन कमी पडतं. खाली ठेव टाच."

आता अशा बाईला घाबरायचं तरी कसं?

बोरिवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात त्या आम्हाला फिजिक्स शिकवायच्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बारावीत होते, दोन वेण्या, त्यांना रिबिनी आणि डोक्यात हवा. सामंत बाई मूळच्या मालवणकडच्या. उंचीला बेताच्या, साडी चापून नेसलेली, आणि अंबाड्यात वजनपेटीतला पितळी चिमटा खोचलेला. वजनं हाताने उचलली तर बोटांचा घाम लागतो, म्हणून ती चिमट्यानेच उचलायची. चिमटा सारखा हरवतो म्हणून तो अंबाड्यात. सुट्टीत डबा उघडला की भाकरीचा तुकडासुद्धा त्या कधी कधी त्याच चिमट्याने उचलताना मी पाहिलंय. बाईंचं लक्ष नसायचं, एवढंच.

त्यांचा एकच प्रश्न असायचा: "किती?"

"बाई, फार उकडतंय."

"किती?"

"बाई, बस उशिरा आली."

"किती?"

आणि कुणी पटकन "वीस मिनिटं" असं ठोकून दिलं की दुसरा प्रश्न यायचा: "मोजलीस?"

आता माझ्या कारखान्याबद्दल सांगते. ते सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत आणि मी किती दिवटी होते तेही कळायचं नाही.

बारावीला प्रॅक्टिकलची एक वही असते, तिला जर्नल म्हणतात. वर्षभराचे प्रयोग त्यात लिहायचे, बाईंची सही घ्यायची. सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. त्यातला एक प्रयोग घर्षणाचा. आडव्या फळीवर लाकडाचा ठोकळा. ठोकळ्याला दोरी, दोरी टोकाच्या कप्पीवरून खाली सोडलेली, खाली लोंबणारं पारडं. पारड्यात एकेक वजन टाकत जायचं. ज्या वजनाला ठोकळा जेमतेम हलतो, त्या वजनाला ठोकळ्याच्या वजनाने भागायचं. येतो तो घर्षणाचा गुणांक, आमच्या भाषेत नुसता म्यू. ठोकळ्यावर आणखी वजन ठेवायचं, पुन्हा करायचं, अशी पाच रीडिंगं. पाऊण तासाचं काम.

पाऊण तास कोण घालवतं? आमच्या कॉलेजात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: म्यूचं उत्तर पॉइंट थ्री वन. आदल्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलात तेच, त्याच्या आदल्या वर्षीही तेच. मग उत्तराकडून उलटं यायचं. दोनशे ग्रॅमच्या ठोकळ्याला बासष्ट, अडीचशेला सत्त्याहत्तर पूर्णांक पाच... पण मी हुशार! मी अठ्ठ्याहत्तर लिहायचे. पुढचं त्र्याण्णव, मग एकशे आठ, मग एकशे चोवीस. एखाद्या रीडिंगमध्ये थोडा तिरकेपणा ठेवला की खरं वाटतं, हा माझा शोध. अख्ख्या वर्गाला मी रीडिंगं पुरवायचे आणि प्रत्येकीला थोडी वेगळी, म्हणजे शंका नको. चाळीस मुलींचे चाळीस म्यू मी घरच्या डायनिंग टेबलावर काढले होते. दिवाळीच्या सुट्टीत मावसबहीण मुलुंडहून आली, तीही बारावीतच, तर तिलाही माझं जर्नल कौतुकाने देऊन टाकलं. घे, आठवड्यात परत आण. मला वाटायचं, मी मोठी शास्त्रज्ञ आहे.

त्याच सुट्टीत कॉलेजने लॅबच्या टेबलांना सनमायका लावून घेतला. तेव्हा जो तो सनमायका लावत होता. सुतार भलताच उत्साही निघाला. टेबलं झाली तरी तुकडा उरला, म्हणून त्याने कोपऱ्यात दिसलेल्या घर्षणाच्या फळीलाही वरच्या बाजूने सनमायका चिकटवून दिला. चकचकीत, तपकिरी, लाकडाच्या रेघांचा. लांबून पाहिलं तर लाकूडच वाटायचं.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. आमच्या वर्गाचा प्रयोग त्याच फळीवर झाला. म्हणजे फळी टेबलावर होती आणि आम्ही तिच्यासमोर उभ्या होतो. कुणालाही काही दिसलं नाही.

खरं तर एकीला दिसलं. हिरा. ती मनोरीची. रोज सकाळी होडीने मार्वेला उतरायची, तिथून बस, आणि कॉलेज. घरी मासळी, होड्या, जाळी. तिने खरंच वजनं टाकून प्रयोग केला. तिचं चव्वेचाळीस आलं, मग पंचावन्न, मग सदुसष्ट. म्यू पॉइंट टू टू.

"चुकलंय," मी म्हटलं. "पॉइंट थ्री वन यायला पाहिजे."

"तीनदा केलं गं," हिरा म्हणाली. "ठोकळा लवकरच सुटतोय. ओल्या वाळूवरनं होडी सुटते ना, तसा."

"होडी काय गं होडी! सगळ्यांचं चुकलंय आणि तुझंच बरोबर?"

हिराने घड्याळ पाहिलं. पुन्हा करायला बसली असती तर होडी चुकली असती. मी माझं खोडरबर काढलं, दुबईच्या मामाने आणलेलं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं, आणि तिची पेन्सिलची पाचही रीडिंगं स्वतःच्या हाताने खोडली. वर तिला बासष्ट, अठ्ठ्याहत्तर, त्र्याण्णव सांगितली. तिने शाईने लिहिली. केवढी मदत केली मी तिला! घरी जाताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हे लिहिताना आजही कान गरम होतात.

जानेवारीत, प्रॅक्टिकल परीक्षेला दोन आठवडे उरलेले असताना, बाई सह्या करायला बसल्या. आमच्या चाळीस जर्नलांचा ढीग, आणि आम्ही चाळीसजणी उभ्या. सह्या करता करता बाईंना विरंगुळा म्हणून फळीवरच्या ठोकळ्याला मधल्या बोटाने टिचकी मारायची सवय होती, कॅरमचा स्ट्रायकर मारतात तशी. वर्षानुवर्षं तो ठोकळा वीतभर जाऊन थांबायचा. त्या दिवशी टिचकी बसली आणि ठोकळा फळीवरून सुळकन गेला, कप्पीवर आदळला आणि धाडकन खाली पडला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. फळीवर हात फिरवला. नखाने टकटक केलं.

"हा सनमायका कधी लागला?"

"दिवाळीत, बाई," कुणीतरी म्हणालं.

बाईंनी वरचं जर्नल उघडलं. पॉइंट थ्री वन. दुसरं उघडलं. पॉइंट थ्री वन. दहा, पंधरा, वीस. मग त्या उठल्या, पाय घासत कपाटापाशी गेल्या आणि जुनी जर्नलं बाहेर काढू लागल्या. गेल्या वर्षीचं, त्याआधीचं, त्याआधीचं. टेबलावर धुळीचे लोट. सगळ्यांत शेवटी एक पिवळी पडलेली वही निघाली, वर बाईंचं स्वतःचं अक्षर. नमुन्याची वही. बाईंनी पान उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मी बाईंना रागावलेलं पाहिलं होतं, पण असा रंग उडालेला चेहरा कधीच पाहिला नव्हता.

"मेल्यांनो," त्या हळूच म्हणाल्या, आणि ते आम्हाला होतं की स्वतःला ते कळलं नाही, "हे मी लिहिलेलं आहे. मी इथे लागले तेव्हा फळी आलेलीच नव्हती. जर्नल कसं लिहायचं ते दाखवायला मी एक आकडा मनाने टाकला होता."

त्यांनी फळी उलटी केली. खालच्या बाजूला अजून साधं लाकूड होतं. अंबाड्यातून चिमटा काढला, आमच्यासमोर वजनं टाकायला सुरुवात केली. लाकडावर आलं पॉइंट थ्री सेव्हन. पुन्हा केलं. थ्री सिक्स. पुन्हा. थ्री सेव्हन.

म्हणजे सनमायका लागायच्या आधीही तो आकडा कधीच खरा नव्हता. नऊ वर्षं. नऊ वर्षं कुणीही मोजलं नव्हतं, आणि नऊ वर्षं खाली बाईंची सही होती.

मग बाईंनी आमची जर्नलं एकेक करून खिडकीच्या उजेडात धरली. हिराच्या पानावर त्या थांबल्या. शाईच्या खाली पेन्सिलच्या खुणा उमटल्या होत्या. बाईंनी पान अगदी नाकाजवळ नेलं. चष्म्याचा नंबर वाढला असणार, मी मनात म्हटलं.

"चव्वेचाळीस. पंचावन्न. सदुसष्ट," बाई वाचत गेल्या. "हिरा, तुझं बरोबर आलं होतं. चाळीसांत एकटीचं. कुणी खोडलं हे?"

हिराने माझ्याकडे पाहिलं. मी रिबिनीशी खेळत होते. माझा जन्म झाल्यापासून इतकी मी रिबिनीशी खेळले नव्हते.

"मीच, बाई," हिरा म्हणाली. "होडी चुकत होती."

मी रिबिनीची गाठ आणखी घट्ट केली.

बाईंनी एकाही जर्नलवर सही केली नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर एक कागद लागला. आम्हाला वाटलं, आमची नावं. तिथे लिहिलं होतं: घर्षणाच्या प्रयोगाचं जे उत्तर गेली नऊ वर्षं या कॉलेजात लिहिलं जात आहे ते मोजलेलं नाही, ते मी दिलेलं आहे, त्यावर मी न पाहता सह्या केल्या, याबद्दल सर्व विद्यार्थ्यांची क्षमा मागते. खाली पूर्ण नाव आणि सही. बोर्डासमोर ही गर्दी. शिक्षिका पोरांची माफी मागते, तीही लेखी! प्राचार्यांनी दुपारपर्यंत तो कागद काढायला लावला. चार वाजता तो परत लागलेला होता. ऑफिसातले क्लार्क सांगायचे की केबिनचं दार बंद असूनही सगळं बाहेर ऐकू येत होतं: "बाई, चाळीस मुलींचं वर्ष जाईल! कॉलेजचं नाव जाईल!" आणि बाईंचा आवाज: "वर्ष मी जाऊ देत नाही. तीन दिवस लॅब द्या." बाईंच्या विभागप्रमुख होण्याची तेव्हा चर्चा होती. ती त्या आठवड्यात थांबली, ती कायमचीच.

बाईंनी फळी पुन्हा सनमायकाची बाजू वर करून ठेवली, आणि तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या एका फळीवर चाळीसजणी. बाई हलल्या नाहीत. हिराचा नंबर पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी लावला, होडीसाठी. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी तेव्हाही शहाणीच.

"बाई, दशांशात जरा इकडेतिकडे झालं तर असं काय बिघडतं? आकडाच तर आहे."

मला वाटलं, ओरडतील. बाई स्टुलावर बसल्या.

"माझे वडील गिरणीत होते. खात्यात फरशीवर तेल असायचं. एके दिवशी त्यांनी मुकादमाला विचारलं, जाऊ का? तो म्हणाला, जा, फरशी ठीक आहे. त्याने फरशी बघितली नव्हती. ती नेहमी ठीक असायची, म्हणून सांगून टाकलं." बाईंनी चिमटा उघडमीट केला. "वडील पुढे काठीशिवाय चालले नाहीत. पेपरात हा म्यू तू एका ओळीत काढतेस ना, तो असा असतो गो."

मी त्यांच्या उजव्या पायाकडे पाहिलं. दोन वर्षं मी ज्याची नक्कल करत होते, त्या पायाकडे.

तिसऱ्या दिवशी माझा नंबर आला. आणि माझी वाट लागली. पाच रीडिंगं आली ती पाच दिशांना. आलेखावर ठिपके असे विखुरले की त्यांतून रेघ काढायची लाज वाटावी. डायनिंग टेबलावर माझे ठिपके कसे ओळीत उभे राहायचे! मला रडू यायला लागलं.

"किती?" बाई मागून म्हणाल्या.

"बाई, जुळतच नाहीये. पॉइंट टू वन, टू फाइव्ह, टू फोर... घाणेरडं आलंय."

बाईंनी वही घेतली. आणि हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. "हे तुझं पहिलं रीडिंग. आजवरचं पहिलं."

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. "बाई, हिराचं मी खोडलं होतं. तिने नाही."

"ठाऊक आहे."

"तिने सांगितलं?"

"तिने कशाला? पानाला स्ट्रॉबेरीचा वास येत होता. मनोरीच्या पोरीकडे कुठलं गो असलं खोडरबर?"

म्हणजे तो नाकाशी नेलेला कागद! म्हणजे इतके दिवस बाईंना सगळं ठाऊक होतं आणि त्या फक्त वाट बघत होत्या. सही त्यांनी त्याच क्षणी केली. हिराची माफी मागायला मी मार्वेच्या जेट्टीपर्यंत गेले, ती होडीत चढता चढता म्हणाली, "ठीक आहे गं. पण ते रबर दे मला." दिलं.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी उचलली तर काय निघावं? घर्षण. बाहेरचे परीक्षक मुलुंडच्या बाजूचे एक सर होते, सफारी सूट, घाईत. बाई आतल्या परीक्षक म्हणून खिडकीशी उभ्या, त्यांना बोलायची मुभा नाही. मी वजनं टाकली, पाच रीडिंगं घेतली. म्यू पॉइंट टू थ्री.

सरांनी पाहिलं आणि भुवया वर गेल्या. "टू थ्री? अगं, याचं पॉइंट थ्री वन येतं. आमच्या कॉलेजात यंदा सगळ्यांचं अगदी व्यवस्थित पॉइंट थ्री वन आलंय. दहा मिनिटं आहेत, नीट बघून लिही."

यंदा. मुलुंड. सगळ्यांचं. माझ्या डोळ्यांसमोर मावसबहीण आली, तिच्या हातातलं माझं जर्नल आलं, आणि मुलुंडच्या न जाणो किती डायनिंग टेबलांवर बसून माझं बासष्ट, अठ्ठ्याहत्तर, त्र्याण्णव उतरवणाऱ्या मुली आल्या. खोडून लिहिणं किती सोपं होतं! परीक्षक स्वतःच सांगत होते. मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"सर," मी म्हटलं, "ते मोजलेलं नाहीये. तुमच्याकडे ते माझ्याच जर्नलातून गेलंय. मी घरी बसून बनवलं होतं."

सरांनी चष्मा काढला. घातला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीच्या हातून काचेचं भिंग पडलं. मला वाटलं, आता मला बाहेर काढतात. एवढ्यात बाई खिडकीपासून निघाल्या, माझ्या टेबलापाशी आल्या, एक शब्द न बोलता अंबाड्यातला चिमटा काढून माझ्यासमोर ठेवला आणि परत खिडकीशी गेल्या.

"कर पुन्हा," सर म्हणाले. "माझ्यासमोर."

केलं. पॉइंट टू थ्री. मग सरांनी स्वतः केलं. पॉइंट टू टू. मग त्यांनी फळीवरून हात फिरवून पाहिला. फिजिक्सला मला अपेक्षेपेक्षा चार गुण कमी पडले. ते या प्रकरणामुळे की माझ्या अगाध लेखी पेपरामुळे, ते मी मोजलेलं नाही.

त्यानंतर बाई मला फारशा भेटल्या नाहीत. शेवटचं पाहिलं ते हिराच्या मुलीच्या लग्नात, मनोरीला. मार्वेहून होडीत चढले तर कोपऱ्यात बाई. पार वाकलेल्या, अंबाडा सुपारीएवढा, त्यात चिमटा नाही. मी ओळख दिली. "रिबिनवाली," त्या म्हणाल्या.

मनोरीच्या जेट्टीचा उतार ओला होता, शेवाळ धरलेलं. वर हिरा हात पुढे करून उभी. बाई होडीच्या कडेला थांबल्या, उजव्या चपलेचं टोक उतारावर टेकवलं आणि घासलं. टाच खाली.

"किती असेल गो?" मला विचारलं.

"मोजल्याशिवाय कसं सांगू, बाई?"

बाईंनी मान डोलावली. मग चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि अनवाणी पावलांनी, हिराचा हात धरून, एकेक बोट रोवत तो उतार चढून गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

होडीवाला ओरडत होता, "ओ मावशी, उतरता ना?" आणि मी हातातल्या चपलांकडे बघत उभी. डावी चप्पल जवळजवळ नवी होती. उजवीचं टोक झिजून झिजून पार आरपार गेलं होतं, आणि त्यातून खालचं पाणी दिसत होतं.